शेतराखणीची बंदूक : नळीची बैठक व हेडस्पेस यांची तपासणी

नांगराचा फाळ बोथट झाला तर तो लोहाराकडे जातो; विहिरीवरील पंपाचा आवाज बदलला तर कारागिरास निरोप जातो. परवान्याची बंदूक मात्र वर्षानुवर्षें कपाटांत पडून असते, आणि रानडुकरांचा कळप भुईमुगांत शिरल्याची हाक आली म्हणजे एकदम बाहेर निघते. तिची नळी मागील पोलादी भिंतीशीं घट्ट मिळते आहे कीं नाहीं, काडतूस आपल्या जागीं नीट बसतें कीं नाहीं, हें पाहण्याची रीत फार थोड्यांना ठाऊक असते. या हयगयीची किंमत बंदुकीस भरावी लागत नाहीं. ती खांद्यास लावणाऱ्या मनुष्याच्या डोळ्यांना व डाव्या हाताच्या बोटांना भरावी लागते. म्हणून प्रस्तुत लेखांत ही तपासणी काय आहे, तींतील कोणता भाग मालकानें घरीं करावा, व कोणता भाग परवानाधारक कारागिराकडेच सोपवावा, याचें विवेचन करण्याचें योजिलें आहे.

१. हेडस्पेस म्हणजे काय?

मागून भरावयाच्या प्रत्येक बंदुकींत नळीच्या मागील टोकास काडतूस बसण्यापुरती रुंद जागा कोरलेली असते. तिला चेंबर म्हणतात. मराठींत तिला कोठी म्हणूं. काडतूस कोठींत सारल्यावर त्याच्या बुडाशीं एक पोलादी आधार येतो. दुनळी बंदुकींत हा आधार म्हणजे नळ्या मिटल्यावर त्यांना टेकणारी उभी भिंत. रायफलींत तो आधार म्हणजे बोल्टाचें तोंड. काडतूस पुढें ज्या ठिकाणीं अडतें तेथपासून या आधारापर्यंतचें जें अंतर, त्यास हेडस्पेस असें म्हणतात.

काडतूस पुढें कोठें अडतें हें त्याच्या घडणीवर अवलंबून आहे. बारा बोअरच्या काडतुसास बुडाशीं बाहेर आलेली कड असते, व ती कड कोठीच्या तोंडाशीं कोरलेल्या खांचेंत अडते. आपल्याकडील सरकारी आयुध कारखान्यांत तयार झालेल्या ३१५ बोअरच्या रायफलीचें काडतूसही असेंच कडेवर अडणारें आहे. ३०८ विंचेस्टरसारख्या काडतुसास बाहेर आलेली कड नसते. त्याच्या पितळी नळकांड्यास बाटलीसारखा उतरता खांदा असतो व तो खांदा कोठींतील उतारावर टेकतो. हत्तीसारख्या मोठ्या जनावरांसाठीं केलेल्या कांहीं काडतुसांस बुडाजवळ पट्टा असतो, व तें त्या पट्ट्यावर अडतें. रीत कोणतीही असो, तत्त्व एकच: पुढचा अडसर व मागचा आधार यांच्यामध्यें काडतूस उंबऱ्यांत दार बसावें तसें बसलें पाहिजे. फार घट्ट असेल तर बोल्ट मिटणार नाहीं. फार सैल असेल तर मिटेल, पण धोका त्यांतच आहे.

२. बैठक सैल असल्यास काय घडतें?

मोटारीच्या चाकांतील हवेचा दाब दर चौरस इंचास सुमारें ३० पौंड असतो. बारा बोअरच्या नेहमींच्या ७० मिलिमीटर काडतुसाचा कमाल दाब अमेरिकेंतील मानाप्रमाणें ११,५०० पौंड, म्हणजे त्याच्या पावणेचारशें पटींहून अधिक; आणि ३०८ विंचेस्टर रायफलीच्या काडतुसाचा ६२,००० पौंड, म्हणजे दोन हजार पटींच्याही वर आहे. हा दाब सेकंदाच्या हजाराव्या भागांत उत्पन्न होतो, व तो पुढें जातो तसाच मागेंही रेटतो.

रायफलीचा बार उडतांच पितळी नळकांड्याचा पुढचा पातळ भाग फुगून कोठीच्या भिंतीस चिकटतो. बुडाचा भाग जाड असल्यामुळें तो चिकटत नाहीं. तो मागें सरकून बोल्टास टेकतो. बोल्ट लगत असेल तर कांहीं बिघडत नाहीं. परंतु मध्यें फट असेल तर पुढचा भाग जागीं व बुड मागें, अशी ओढाताण होऊन बुडाच्या थोडें पुढें पितळ ताणलें जातें. ताण मर्यादेबाहेर गेला कीं तेथेंच तें तुटतें, व जळती वाफ बोल्टाच्या फटींतून नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येते.

दुनळी बंदुकींत दाब कमी असल्यामुळें दोष हळूहळू वाढतो. नळ्या ज्या खिळीवर उघडतात ती झिजली म्हणजे नळ्या व भिंत यांच्यांत फट पडते. प्रत्येक बाराबरोबर भिंतीवर हातोडीसारखा ठोका बसतो, त्यानें झीज वाढते, आणि वाढलेली झीज पुढचा ठोका अधिक जोराचा करते. अखेरीस काडतुसाचें बुड आधाराविना राहून फुटतें. मोडकळीस आलेल्या बिजागरीवरचें दार जसें प्रत्येक आपटण्याबरोबर अधिक ढिलें होतें, तसाच हा प्रकार आहे.

३. नळी बसविणें व गेजची परीक्षा

रायफलीची नळी आट्यांवर फिरवून पोलादी सांगाड्यांत घट्ट बसविलेली असते. ती किती आंत जाते यावर हेडस्पेस ठरतें. केसभर कमी-अधिक झाली तरी हिशेब बिघडतो. म्हणून नळी बसविल्यावर गेजनें परीक्षा केल्याशिवाय जाणता कारागीर रायफल हातावेगळी करीत नाहीं.

गेज म्हणजे काडतुसाच्या आकाराचा, अचूक मापाचा, कठीण पोलादाचा तुकडा. तीन प्रकारचे गेज वापरतात. पहिल्यास ‘गो’ म्हणतात. हा कमींत कमी मापाचा. तो कोठींत ठेवून बोल्ट हलक्या हातानें मिटला पाहिजे. दुसरा ‘नो-गो’, यावर बोल्ट मिटतां कामा नये. तिसरा ‘फील्ड’, वापरांतल्या जुन्या रायफलीची ही शेवटची मर्यादा. नो-गो वर बोल्ट मिटला पण फील्डवर मिटला नाहीं, तर रायफल झिजत चालली असें समजावें; फील्डवरही मिटला, तर ती रायफल त्याच दिवसापासून बंद ठेवावी. परीक्षेपूर्वीं कारागीर बोल्टांतील टोचणी व काडतूस ओढणारा आंकडा काढून ठेवतो, म्हणजे बोटांना खरी अडचण कोठें आहे तें समजतें. जोर लावून बोल्ट दाबला तर गेज व कोठी दोन्ही बिघडतात व उत्तरही खोटें येतें.

मापें किती सूक्ष्म आहेत तें पाहावें. ३०८ विंचेस्टरचा गो गेज १.६३० इंचांचा, नो-गो १.६३४ इंचांचा व फील्ड १.६३८ इंचांचा असतो. एका गेजपासून दुसऱ्यापर्यंतचें अंतर चार सहस्रांश इंच, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, अर्थात् लिहिण्याच्या एका कागदाची जाडी! कडेवर अडणाऱ्या काडतुसास थोडी अधिक सवलत असते. ३०३ बोअरच्या लष्करी रायफलीसाठीं ब्रिटिश सैन्यांत ०.०६४ इंचापासून ०.०७४ इंचापर्यंत मर्यादा होती. तरीही हें अंतर डोळ्यानें मोजण्याजोगें नाहीं. ‘बोल्ट तर मिटतो आहे, मग बिघडलें काय?’ असें जे विचारतात त्यांनीं हा कागद लक्षांत ठेवावा. आणि गेजच्या ऐवजीं भरलेलें काडतूस घालून परीक्षा करणें हा शुद्ध अविचार होय.

४. अमेरिकेंतील रीत व आपला कायदा

अमेरिकेंत पुष्कळ राज्यांमध्यें खासगी मनुष्य स्वतःच्या वापरासाठीं सुटे भाग विकत घेऊन घरीं रायफल जुळवूं शकतो. आणि तसें करणारे लोक नळी बसवितांना वरील गेज वापरतात. त्यांचीं वर्णनें व चित्रें आतां आपल्याकडील तरुणांच्याही पाहण्यांत येतात, व ‘आपणही करूं’ अशी ऊर्मी एखाद्यास येते. ती वेळींच आवरावी.

आपल्या देशांत शस्त्र अधिनियम १९५९ लागू आहे. त्याच्या कलम ५ प्रमाणें बंदूक तयार करणें, तिच्यांत फेरफार करणें, ती दुरुस्त करणें किंवा तिची चांचणी घेणें यांस त्या कामाचा स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना हा बंदूक घडविण्याचा परवाना नव्हे. शिवाय कलम २ मधील व्याख्येप्रमाणें शस्त्राचे सुटे भागही शस्त्रांतच मोडतात. म्हणून एक सुटी नळी किंवा बोल्ट विनापरवाना आणून ठेवणें हाही गुन्हा होतो. विनापरवाना शस्त्र तयार करण्यास २०१९ च्या दुरुस्तीनें किमान सात वर्षें व कमाल जन्मठेप अशी शिक्षा ठरविली आहे. त्याच दुरुस्तीनें एका मनुष्यास ठेवतां येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनांवरून दोनांवर आणली व परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पांच वर्षें केली.

सारांश, नळी काढणें, बसविणें, खिळी बदलणें, बोल्ट घांसणें हें आपलें काम नव्हे. आपलें काम पाहण्याचें, साफ ठेवण्याचें, आणि दोष दिसतांच बंदूक थांबविण्याचें. एवढें केलें तरी निम्म्याहून अधिक धोका टळतो.

५. दुनळी बंदूक घरीं कशी पाहावी?

प्रथम बंदूक उघडून दोन्ही कोठ्या रिकाम्या असल्याची डोळ्यांनीं व बोटानें खात्री करावी. काडतुसें दुसऱ्या खोलींत ठेवावीं. मुलांना जवळ बसूं देऊं नये. नंतर पुढील क्रम ठेवावा.

(अ) हालचाल. नळ्यांखालचा लाकडी भाग काढून बंदूक पुन्हा मिटावी. हा भाग जागेवर असतां त्याच्या कमानीच्या दाबानें ढिलेपणा झांकला जातो, म्हणून तो काढणें अवश्य आहे. दस्ता कांखेंत धरून नळ्या डावी-उजवीकडे व वर-खालीं हालवून पाहाव्या, आणि एक बोट सांध्यावर आडवें ठेवावें. बोटाखालीं खटका किंवा सरक जाणवली तर खिळी झिजली आहे.

(आ) उजेड. मिटलेली बंदूक उजेडासमोर आडवी धरून नळ्या व भिंत यांच्या सांध्यांतून पाहावें. उजेडाची रेघ दिसतां कामा नये. अधिक बारीक परीक्षेसाठीं पतंगाच्या कागदाची चिंचोळी पट्टी सांध्यांत धरून बंदूक मिटावी. पट्टी सहज सरकून बाहेर आली तर फट वाढली असें समजावें.

(इ) वरची कळ. बंदूक उघडण्याची कळ नव्या बंदुकींत मिटल्यावर बहुधा मध्यरेषेच्या किंचित् उजवीकडे थांबते. झीज होते तशी ती मध्यावर व पुढें डावीकडे जाते. कळ डावीकडे गेलेली दिसली तर कारागिराकडे जाण्याची वेळ आली.

(ई) नाद. नळ्या काढून खालच्या आंकड्यांत बोट घालून त्या लोंबत्या धराव्या व लाकडाच्या काडीनें हलका ठोका द्यावा. घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर दोन नळ्यांमधील पट्टी जोडावर पक्की आहे. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला तर जोड सुटला असण्याचा संभव आहे.

(उ) आंतील भाग. नळी आकाशाच्या उजेडाकडे धरून दोन्ही टोकांनीं पाहावें. आंतील वर्तुळें एकांत एक अखंड दिसलीं पाहिजेत. एखाद्या ठिकाणीं काळसर कडें दिसल्यास नळी तेथें फुगली आहे. देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसल्यास गंजानें पोलाद खाल्लें आहे. पावसाळ्यांत पडून राहिलेल्या नळींत कुंभारमाशी मातीचें घर करते. साफ करतांना चिंधीचा तुकडाही आंत राहतो. अशा अडथळ्यावर बार उडाला तर सशक्त नळीही फुटते.

(ऊ) आंकडे. नळ्या, सांगाडा व पुढचा लाकडी भाग यांवरील क्रमांक एकमेकांशीं व परवान्यांतील नोंदीशीं ताडून पाहावे. रायफलींत बोल्टावरचा क्रमांक सांगाड्यावरील क्रमांकाशीं जुळतो का तें पाहावें. बोल्ट त्या त्या रायफलीस घांसून बसविलेला असतो. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट घातल्यास हेडस्पेस बदलतें. पुष्कळ लष्करी घडणीच्या रायफलींवर नळी व सांगाडा यांच्या सांध्यावर एक उभी रेघ कोरलेली असते. तिचे दोन अर्ध समोरासमोर नसतील तर नळी फिरली आहे किंवा बदललेली आहे.

६. झाडलेल्या काडतुसाची साक्ष

रिकामें काडतूस फेकून देण्यापूर्वीं त्याचें बुड पाहावें. तें न बोलतां साक्ष देतें. बुडाच्या मध्यावरील टोपी बुडाशीं सपाट असावी. ती बाहेर डोकावत असेल तर मागें रिकामी जागा होती असें अनुमान निघतें. बुडाचें पितळ फुगलें, चिरलें किंवा टोपीभोंवतीं काळा धूर पसरला, तर बंदूक बंद करावी. रायफलीच्या नळकांड्यावर बुडाच्या थोडें वर चकचकीत कडें दिसल्यास पितळ तेथें ताणलें गेलें आहे. टोंक वळविलेली बारीक तार आंतून फिरविली असतां तेथें खांच लागते. अशीं दोन काडतुसें मिळाल्यावर तिसऱ्याची वाट पाहूं नये. संशयित काडतुसें डबींत जपून ठेवावीं. कारागिरास तीं दाखविल्यानें दोष शोधणें सोपें जातें.

७. बंदूक चांगली, काडतूस चुकीचें

बैठक निर्दोष असूनही काडतूस चुकीचें असल्यास अनर्थ होतो. जुन्या विलायती बारा बोअर बंदुकांच्या कोठ्या पुष्कळदां अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या असतात. त्यांत ७० मिलिमीटरचें काडतूस विनासायास बसतें, कारण काडतुसावर लिहिलेली लांबी ही झाडल्यानंतर उलगडलेल्या नळकांड्याची असते. झाडतांना त्याचें तोंड उलगडण्यास जागा उरत नाहीं व दाब वाढतो. म्हणून कोठीची लांबी कारागिराकडून मोजून घेऊन परवान्याच्या पाकिटांत टिपून ठेवावी.

वीस बोअरचें काडतूस बारा बोअरच्या घरांत कधींही ठेवूं नये. तें कोठींतून पुढें घसरून नळींत अडकतें. वरून कोठी रिकामी दिसते, मागून बारा बोअरचें काडतूस भरलें जातें, व चाप ओढतांच नळी डाव्या हाताजवळ फुटते. हाच घोंटाळा टाळण्यासाठीं वीस बोअरचीं काडतुसें पिवळ्या रंगाचीं करण्याची पद्धत पडली आहे.

जुन्या नळ्यांवर लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून केलेली नागमोडी नक्षी दिसते. त्यांना दमास्कस नळ्या म्हणतात. त्यांपैकीं पुष्कळ काळ्या दारूच्या काळच्या आहेत; आजच्या नायट्रो दारूचें काडतूस त्यांत घालूं नये. इंग्लंडांत प्रत्येक नळी जादा भाराच्या बारानें पारखून तिच्यावर ठसा उठविण्याची सक्ती आहे. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ मध्यें कायद्यानें स्थापन झालें. हे ठसे नळ्या काढल्यावर कोठीच्या खालच्या सपाट बाजूस दिसतात. ते वाचून कोणत्या दारूची परीक्षा झाली आहे तें कळतें. परंतु ठसा हा त्या दिवसाचा दाखला आहे. नंतरच्या गंजाची व झिजेची हमी त्यांत नाहीं.

८. ठासणीची बंदूक

कलम १३ मध्यें पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठीं ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, व अशा बंदुका आजही कित्येक गांवीं आहेत. तींत काडतूस नसल्यामुळें हेडस्पेसचा प्रश्न येत नाहीं. तेथें दोन गोष्टी पाहाव्या. टोपी बसण्याची बोंडी आट्यांत घट्ट आहे का. आणि नळींत जुना बार राहिला आहे का. दुसरी गोष्ट गजानें कळते. टोपी बोंडीवर नाहीं याची खात्री करून व नळीचें तोंड आपल्यापासून दूर ठेवून, गज तळापर्यंत सोडावा व तोंडाशीं खूण करावी. मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहावा. खूण तळापर्यंतची लांबी दाखवीत नसेल, म्हणजे चार बोटें वरच अडत असेल, तर बार आंत आहे. तो स्वतः उकरूं नये, जाणत्याकडून काढवावा.

९. कारागिराकडे नेतांना

दुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानींच बंदूक द्यावी, व देतांना क्रमांकासह पावती घ्यावी. बंदूक रिकामी, उघडून, आच्छादनांत न्यावी व आपला परवाना बरोबर ठेवावा. दुकान दुसऱ्या जिल्ह्यांत असेल तर परवान्यांतील क्षेत्राची नोंद आधीं वाचावी. कारागिरास ‘जरा बघा’ असें मोघम न सांगतां नेमकें विचारावें: हेडस्पेस कोणत्या गेजनें पाहिलें? खिळी झिजली असल्यास नवी बसविणार कीं जुनीच ठोकून फुगविणार? झिजल्या जागीं पितळेचा पत्रा घालून किंवा हातोडीनें धातू ठेंचून फट तात्पुरती झांकण्याची एक वाईट चाल आहे. अशी बंदूक दुकानांत घट्ट वाटते व शेतांत वीस-पंचवीस बारांत पुन्हा ढिली होते. दुरुस्तीचा खर्च बंदुकीच्या किमतीपुढें गेला तर ती निकालांत काढणेंच शहाणपणाचें.

महसूल खात्यांतील कारकुनीच्या दिवसांत वारसांचे अर्ज हातांखालून जात. त्यांत एक गोष्ट वारंवार दिसे. वडील वारले, शेताची वाटणी झाली, भांडीकुंडींही मोजून झालीं. बंदूक मात्र ‘घरचीच आहे’ म्हणून कपाटांत राहिली. बाळगण्याचा हक्क मृत परवानेदाराबरोबर संपतो. कलम २१ प्रमाणें ती विनाविलंब पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली पाहिजे. वारसानें स्वतःच्या नांवें परवाना घेतल्यावरच ती परत मिळते. असा परवाना मिळाल्यावर पहिलें काम पोळ्याच्या आधीं डुकरांमागें धांवण्याचें नव्हे, तर वर सांगितलेली संपूर्ण तपासणी करून घेण्याचें आहे. कारण वडिलांनीं शेवटचा बार केव्हां व कोणत्या काडतुसानें काढला हें सांगणारा आतां कोणी नसतो. बंदुकीचा परवाना म्हणजे रानडुकर मारण्याची परवानगी नव्हे, हेंही येथें नमूद करणें अवश्य आहे. त्यासाठीं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खालीं वनखात्याची लेखी परवानगी निराळी लागते.

वर्षांतून एकदां, पाऊस संपून नळ्यांना तेल देण्याच्या वेळीं, वरील सहा परीक्षा क्रमानें कराव्या व निकाल तारीखवार एका वहींत लिहावा. अर्ध्या तासाहून अधिक वेळ त्यास लागत नाहीं. मागील वर्षीं न दिसलेली उजेडाची रेघ यंदा दिसली, तर त्या वर्षीं राखण कुत्रा, डबा व मचाण यांवर भागवावी, पण ती बंदूक खांद्यास लावूं नये. गेलेलें पीक पुढल्या हंगामांत पुन्हा उभें राहतें. गेलेला डोळा राहत नाहीं.